सराव रुग्ण आणि तीनशे बारा पोती

मोहटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीचा वर्ग घड्याळावर नाही, उन्हावर चालत असे. जानेवारीत सकाळी अकराला ऊन व्हरांड्याच्या पहिल्या खांबापाशी यायचं, तेव्हा वर्ग पहिल्या खांबापाशी. बाराला ऊन दुसऱ्या खांबाकडे निघालं की एकोणीस पोरं, एकोणीस दप्तरं, तीन पायांचा फळा आणि दीपमाला मॅडम असा सगळा संसार तिकडे सरकायचा. दोननंतर ऊन व्हरांडा सोडून हातपंपाकडे जायचं. तिथं चिखल होता, त्यामुळे नागरिकशास्त्र रोज कुडकुडत व्हायचं.

सातवीला खोली नव्हती असं नाही. शाळेतली सगळ्यांत मोठी, चार खिडक्यांची, खाली फरशी असलेली खोली सातवीचीच होती. फक्त तिच्यात धान होतं. दिवाळीच्या सुट्टीत नवं धान विकायला आलं, तेव्हा ते खरेदी करणाऱ्या सोसायटीच्या गोदामातून आधीचं उन्हाळी धानच हललं नव्हतं. मग सोसायटीचे अध्यक्ष भोजराजभाऊ शाळेत स्वयंपाक करणाऱ्या शकुनबाईंकडे गेले आणि "मॅडमनं हो म्हटलं" असं सांगून खोलीची चावी घेऊन आले. मॅडम तेव्हा माहेरी वरठीला करंज्या तळत होत्या. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. परत येऊन पाहतात तो खोलीतलं लोखंडी कपाट व्हरांड्यात उभं आणि आत छताच्या दोन हात खालपर्यंत तीनशे बारा पोती. भोजराजभाऊ म्हणाले, पंधरा दिवस, मिलवाल्याची गाडी आली की उचल. त्याला आता पंचाऐंशी दिवस झाले होते.

दीपमाला शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापक होत्या. प्रभारी म्हणजे काम मुख्याध्यापकाचं आणि मान शिपायाचा, तोही शिपाई नसलेल्या शाळेतल्या. त्यांनी सोसायटीला पाच पत्रं लिहिली. पाचही पत्रांना लेटरहेडवर एकच उत्तर आलं: "नियमानुसार कार्यवाही सुरू असून लवकरच उचल होईल." पालकांना सांगून पाहिलं. पालक मान डोलवायचे, लेकरं उघड्यावर बसतात हे काही बरं नाही म्हणायचे आणि घरी जायचे. कारण कोणाचं धान आधी मोजायचं आणि कोणाचा ट्रॅक्टर आठ दिवस रांगेत उभा ठेवायचा, हे भोजराजभाऊ ठरवायचे. गावात त्यांच्याशी वाकडं घेणारा माणूस अजून जन्मायचा होता, किंवा जन्मला असेल तर सातवीत होता.

आणि राग यायचा तो त्या सातवीसाठीच. मागच्या साथीत याच पोरांची दुसरी मोबाइलवर गेली. म्हणजे ज्यांच्या घरी मोबाइल होता त्यांची मोबाइलवर गेली, उरलेल्यांची नुसतीच गेली. तिसरीत आली तेव्हा अर्ध्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. दीपमालानं त्यांना एकेक अक्षर परत शिकवलं होतं. शाळा सातवीपर्यंतच होती, एप्रिलमध्ये ही पोरं दुसरीकडे जाणार. त्याआधी निदान दोन महिने तरी त्यांना त्यांच्या खोलीत, बाकावर, भिंतीच्या आडोशाला बसवायचं, एवढंच तिला हवं होतं. तिचं मागणं इतकं साधं होतं की ते कुठल्याच ऑफिसच्या डोक्यात शिरत नव्हतं.

अशात साथ आली. म्हणजे साथ आली नव्हती, पत्र आलं होतं. परदेशात कुठंतरी नवा ताप निघाला होता, आणि तो मोहटोल्याला पोहोचायच्या आत त्याचा तक्ता मोहटोल्याला पोहोचला. 'साथरोग पूर्वतयारी, अत्यंत तातडीचे.' बेचाळीस मुद्दे. प्रत्येक शाळेत विलगीकरण कक्ष असावा, कक्षात स्वच्छ चादर घातलेली खाट असावी, बुधवारपर्यंत सराव घ्यावा, सरावात एक सराव रुग्ण असावा, आणि हे सगळं झाल्याचे फोटो जागेच्या नोंदीसह ॲपवर पाच वाजेपर्यंत चढवावेत. वर्गांना बसायला खोली आहे का, हे मात्र बेचाळीसांपैकी एकाही मुद्द्यात विचारलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी केंद्रप्रमुख लक्ष्मणराव मोटारसायकलवरून आले. केंद्रप्रमुख म्हणजे चौदा शाळांचे साहेब आणि चौदा शाळांचे पोस्टमन. मे महिन्यात त्यांची सेवानिवृत्ती होती आणि तोवर एकही 'कारणे दाखवा' नोटीस न खाता घरी जायचं, ही त्यांची आयुष्यातली शेवटची महत्त्वाकांक्षा होती. मोटारसायकलला मागे आडवी घडीची खाट बांधलेली होती. ताप मोजायचं पिस्तूल, बोटाला लावायचा चिमटा, पांढरा झबला, सॅनिटायझरची कॅन, 'विलगीकरण कक्ष' लिहिलेली पत्र्याची पाटी आणि हिरव्या चौकटीची एक चादर. हा संच चौदा शाळांत मिळून एकच होता. सोमवारपासून तो शाळेमागून शाळा हिंडत होता. जिल्ह्याला चौदा कक्षांचे फोटो जाणार होते आणि चौदाही कक्षांत चादरीच्या उजव्या कोपऱ्यात चहाचा तोच डाग दिसणार होता.

"कोठी लावाचं मॅडम?" लक्ष्मणरावांनी दोरी सोडत विचारलं.

"सातवीच्या खोलीत. दुसरी खोलीच कोठी आहे सर?"

लक्ष्मणरावांनी खिडकीतून आत पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "खाट पोत्यायच्या पुढं लावू. पोत्यायवर चादर टांगू. फोटोत पोते नाई आले पाहिजे, बस."

"मंग खाटेवर काय घालाचं? चादर एकच आहे."

तेवढ्यात फाटकातून भोजराजभाऊ आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, कपाळाला गंध. सराव आहे, फोटो जिल्ह्याला जाणार आहेत, एवढं त्यांना कळलं होतं आणि एवढंच पुरेसं होतं. भोजराजभाऊंना फोटोचं भारी वेड. गावात रक्तदान असो, बैलांचं लसीकरण असो की कोणाची तेरवी, फोटोत उजवीकडून दुसरे भोजराजभाऊ असायचेच.

"रुग्ण कोन हाये जी तुमचा?" त्यांनी विचारलं.

"खुशाल सरांना करू म्हणतो," लक्ष्मणराव शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाकडे बोट दाखवत म्हणाले.

"सरकारी मानूस काहून? गावचा मानूस पाह्यजे. लोकाईले विश्वास वाटला पाह्यजे. मले घ्या ना."

दीपमालानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिनं हातातला तक्ता उलटून मुद्दा क्रमांक नऊ परत एकदा वाचला. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "भोजराजभाऊपेक्षा चांगला रुग्ण आपल्याला कोण मिळणार सर?"

खाट मात्र खोलीत बसेना. दारापासून पोत्यांपर्यंत जेमतेम दोन हात जागा होती. आडवी केली, उभी केली, तिरपी केली. शेवटी भोजराजभाऊच वैतागले, पोत्यांवर चढले आणि म्हणाले, टाका चादर इथंच. मग ते पोत्यांच्या थप्पीवर छताखाली हात जोडून आडवे झाले. खुशाल सरांनी पांढरा झबला घालून, वर चढून त्यांच्या कपाळाला पिस्तूल लावलं. फोटोत हात जोडू नका, तुम्ही आजारी आहात, असं तीनदा सांगूनही त्यांचे हात सुटेनात. सवयच तशी होती.

मग मुद्दा नऊ आला. संशयितास कक्षात ठेवून कक्ष बाहेरून बंद करावा, त्यावर शाळेच्या शिक्क्यासह कागदी सील लावावे, पथकाच्या पाहणीनंतरच ते काढावे. दीपमालानं दार ओढलं. शकुनबाईंनी कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं. दिवाळीत ज्या हातांनी चावी दिली ते हात त्यांना अजून टोचत होते. दीपमालानं कागद चिकटवला, शिक्का मारला, खाली सही केली, तारीख टाकली.

"हे फोटोपुरतं हाय ना मॅडम?" लक्ष्मणरावांनी हळूच विचारलं.

"सर, तक्त्यात फोटोपुरतं असं लिहिलं नाही."

लक्ष्मणरावांनी वाद घातला नाही, कारण त्यांच्यापुढे मोठं संकट होतं. फोटो चढत नव्हता. मोहटोलं भंडारा जिल्ह्याच्या टोकाला, बपेऱ्याच्याही पलीकडे, नदीच्या काठाला, आणि नदीपलीकडे मध्य प्रदेश. तिकडचा टॉवर असा दांडगा की गावातले मोबाइल दिवसातून दहा वेळा राज्य बदलायचे. ॲपनं जागेची नोंद घेतली ती 'जिल्हा बालाघाट', आणि 'आपण आपल्या शाळेत नाही' असं सांगून फोटो परत केला. लक्ष्मणराव फाटकाशी गेले, मध्य प्रदेश. हातपंपाशी गेले, मध्य प्रदेश. शेवटी निवृत्तीला चार महिने उरलेला तो माणूस पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढला आणि एका हातानं शिडी, दुसऱ्या हातानं मोबाइल धरून महाराष्ट्र शोधू लागला.

इकडे आत भोजराजभाऊंना करमेना. त्यांच्याकडेही मोबाइल होता आणि त्यांना ॲप नको होतं, त्यांना गावाचा ग्रुप पुरेसा होता. लक्ष्मणरावांनी त्यांच्या मोबाइलवर काढून दिलेला फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला. पोत्यांवर आडवे भोजराजभाऊ, शेजारी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा माणूस, वर पाटी 'विलगीकरण कक्ष'. खाली स्वतः ओळ लिहिली: "जिल्हास्तरीय साथरोग कार्यक्रमात गावातून एकमेव माझी निवड. आपला आशीर्वाद असू द्या."

सराव हा शब्द लिहायला जागा होती. पण सरावात निवड झाली म्हटलं तर वजन राहत नाही, म्हणून त्यांनी तो लिहिला नाही.

गावानं आशीर्वाद दिला. अर्ध्या तासात तळ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर बोरीच्या काट्या पडल्या. मागच्या साथीत कुठं काट्या टाकायच्या ते लोकांना पाठ होतं, पुन्हा शिकवावं लागलं नाही. डेअरीवाल्यानं भोजराजभाऊंच्या घरचं सकाळचं दूध नाल्यात ओतलं. त्यांच्याशी आठवड्याभरात हात मिळवलेल्या लोकांनी हळद घातलेलं पाणी प्यायला घेतलं. आणि गंमत पाहा, पंचाऐंशी दिवस जी येत नव्हती ती मिलवाल्याची गाडी नेमकी त्याच दिवशी निघाली होती. ड्रायव्हरनं काट्यांपाशी फोटो पाहिला, त्याच्या पोत्यांवर कोण झोपलंय ते पाहिलं आणि गाडी तशीच मागे घेतली. हमाल तर आधीच पळाले होते.

बाराच्या सुमारास फाटकाशी पन्नासेक माणसं जमली. तोंडाला शेले, गमछे, एकानं हेल्मेट घातलं होतं.

"मॅडम, पोट्टे घरी पाठवा!" कोणीतरी ओरडलं.

"काही झालं नाही. हा सराव आहे. भोजराजभाऊ ठणठणीत आहेत," दीपमाला ओरडून म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली. तिला खोली हवी होती, पण खोटं बोलून नको होती.

"मागच्या टायमालेबी असंच सांगतलं होतं! काई नाई म्हनत म्हनत चार मईने घरात कोंडलं!"

"अहो, मी सांगते ना, सराव आहे. तिसऱ्यांदा सांगते."

"मंग कुलूप काहून लावलं?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते बेचाळीस मुद्द्यांचं होतं आणि गर्दीत वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात उषाबाई नावाच्या एक आजी पुढे आल्या, त्यांची नात सातवीत होती. "ते धान शाळेतून काहाडा पयले," त्या काठी आपटून म्हणाल्या. "त्या मानसाचं धान, त्याच्यावर तो झोपला, अना आमचे लेकरं त्याच्या दाराशी बसतेत. आज काहाडा!" आणि मग ज्या लोकांनी पंचाऐंशी दिवस नुसती मान डोलवली होती, ते सगळे एका आवाजात ओरडू लागले, धान काहाडा, धान काहाडा. दीपमाला बघतच राहिली. या लोकांना भोजराजभाऊंची भीती होती हे तिला माहीत होतं. त्याहून मोठी भीती आणली की माणूस शूर होतो, हे नव्यानं कळलं. तिला हसूही येत होतं आणि चीडही येत होती, लेकरांच्या थंडीसाठी यातल्या एकालाही कधी कंठ फुटला नव्हता.

त्याच वेळी टाकीवरून लक्ष्मणरावांची आरोळी आली, "गेला! फोटो गेला! भंडारा जिल्हा!"

फोटो गेला आणि दहा मिनिटांत फोन आला. लक्ष्मणराव शिडीवरच होते. खालून फक्त त्यांचं "होय साहेब, नाही साहेब" ऐकू येत होतं. ते उतरले तेव्हा चेहऱ्याचा पार चुना झाला होता.

"साहेब इचारते, रुग्ण धानाच्या पोत्यावर काहून निजला?" ते कसेबसे म्हणाले. "उद्या अकराला पथक येऊन राहिलं. खोली रिकामी दिसली पाह्यजे, नाईतर मले अना तुमाले दोघाईले नोटीस. मॅडम, चार मईने रायले वो माहे."

दीपमाला खिडकीशी गेली. आत भोजराजभाऊ गजांना धरून उभे होते. त्यांच्या शर्टाची इस्त्री गेली होती आणि दुपट्ट्याला धानाचा कोंडा लागला होता. शेजारच्या खिडकीतून शकुनबाई बांबूच्या टोकाला डबा बांधून आत सरकवत होत्या. मागच्या साथीत, पुण्याहून लेकीकडून ट्रकमध्ये बसून आलेल्या भोजराजभाऊंना गावानं वेशीवर अडवलं, तेव्हा याच खोलीचं दार दीपमालानं उघडून दिलं होतं आणि याच बांबूनं शकुनबाईंनी चौदा दिवस डबा दिला होता. बांबूही तोच होता, त्यांनी तो जपून ठेवला होता.

"खिचडीत मीठ कमी हाये," भोजराजभाऊ डबा उघडून म्हणाले.

"तवाबी असंच म्हनत होते," शकुनबाई म्हणाल्या. "रिकामा मातर परत याचा."

"मॅडम, सील काहाडा. मजाक बस झाली."

"पथकानं पाहिल्यावर काढायचं असं लिहिलंय. उद्या अकराला येते पथक."

"मले रातभर ठेवता का?"

"मी काहून ठेवू भाऊ? तुम्हीच मला पाच वेळा लिहून दिलं, नियमानुसार कार्यवाही सुरू आहे. होऊन राहिली कार्यवाही." हे वाक्य तिनं पंचाऐंशी दिवस तोंडात घोळवून ठेवलं होतं. ते बाहेर पडताना तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर लाजही वाटली. मग ती नीट म्हणाली, "एक मार्ग आहे. कक्ष रिकामा करायला सील काढता येते, मी तसं लिहीन. पण सगळी पोती गेली पाहिजेत. आजच."

"हमाल नाई, गाडी नाई. नेऊ कोठी?"

"तुमचा हॉल रिकामा आहे."

भोजराजभाऊंनी गज सोडले. घरापुढे त्यांनी यंदाच लग्नकार्यासाठी हॉल बांधला होता. गुळगुळीत फरशी, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. "आनंदा जिवानं मारीन मले," ते म्हणाले.

आनंदाबाई, म्हणजे त्यांची बायको, गर्दीतच होत्या. नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी आणि घोंगडं त्यांनी बरोबरच आणलं होतं. दीपमाला त्यांना बाजूला नेऊन परत एकदा सांगू लागली की हा सराव आहे, भाऊंना काही झालेलं नाही.

"मले मालूम हाये मॅडम," आनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "मीबी फोटो पायला. ताप असलेला मानूस असा फुगून हात जोडत नाई." मग खिडकीकडे तोंड करून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐकून राहिले का? पोते हॉलात आना. तुमी चौदा दिवस आंगनात. तक्त्यात चौदाच दिवस हायेत ना मॅडम? मले तेवढा आराम पाह्यजे."

सील निघालं. पण पोत्यांना हात लावायला कोणी पुढे येईना. शेवटी भोजराजभाऊंनी इस्त्रीचा शर्ट काढून बाभळीला टांगला, पाठीवर घोंगडं टाकलं आणि पहिलं पोतं स्वतः उचललं. चाळीस किलोचं पोतं. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या पाठीवर पाहिलेलं वजन आपल्या पाठीवर आलं तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो पोरांनी नंतर आठवडाभर काढून दाखवला. मग त्यांचा भाऊ ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आला. खुशाल सर आले, झबला अंगावर तसाच. लक्ष्मणराव नोटीस टाळण्यासाठी काय वाट्टेल ते करायला तयार होते, ते ट्रॉलीवर चढून पोती लावू लागले. ट्रॉली शाळेतून हॉलकडे, हॉलकडून शाळेकडे. चारपर्यंत अर्धी खोली मोकळी झाली आणि काही हमाल आपल्याच लाजेनं परत आले. सातवीची पोरं हातात झाडू घेऊन दाराशी दबा धरून बसली होती.

पाचच्या सुमारास आतल्या भिंतीला लागून एक रांग उरली. भोजराजभाऊ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हे राहू द्या आता," ते म्हणाले. "पंधरा-वीसच तर हायेत. पोट्ट्याईले बसाले कामी येतीन."

"बसायला बाकं आहेत," दीपमाला म्हणाली.

"मी उद्या नेतो ना. सबेरी."

"भाऊ, पंधरा दिवस असेच सुरू झाले होते."

त्यांनी वाकून एक पोतं उचललं, पण दाराकडे गेले नाहीत, भिंतीशीच घुटमळले. हमालांनी उरलेली भराभर उचलली. भिंत उघडी पडली. खोलीला चुना लागून कैक वर्षं झाली होती. एरवी तिथं ते लोखंडी कपाट असायचं, म्हणून ती भिंत कोणी कधी नीट पाहिलीच नव्हती. भिंतीवर कोळशानं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या, एका ओळीत, आणि खाली काहीतरी लिहिलं होतं.

"हे तेच होय," शकुनबाई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "तवा भाऊ घरी गेले, अना मी ह्याच्यावर कपाट आनून ठेवलं. मले वाटलं, पोट्ट्याईनं रेघोट्या मारल्या असतीन."

रिता पुढे झाली. उषाबाईंची नात, तिसरीत जिला अक्षर ओळखता येत नव्हतं ती. तिनं आधी रेघा मोजल्या, चौदा. मग वर्गात धडा वाचतात तसं, बोट लावून, मोठ्यानं वाचलं:

"गावानं मले घेतलं नाई. शाळेनं घेतलं. हे मी मरेपरेंत विसरनार नाई. भोजराज."

भोजराजभाऊंच्या पाठीवर पोतं तसंच होतं. दिवाळीत त्यांनी पहिली थप्पी याच भिंतीला का लावली होती, ते दीपमालाला आता कळलं. कपाट हलवल्यावर त्यांनी हे वाचलं असणार, आणि मग घाईघाईनं झाकलं असणार. तिच्याकडे त्यांना ऐकवायला बरंच काही जमवून ठेवलेलं होतं. त्यातलं एकही आता बोलवेना. तिला त्या माणसाची कीव आली आणि त्या कीव येण्याचाही थोडा राग आला.

"चुना मारून टाका मॅडम," भोजराजभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले. "मी चुना आनून देतो."

"राहू द्या. शुद्धलेखन सोडलं तर चांगलं लिहिलंय."

ते पोतं घेऊन बाहेर गेले. ट्रॉलीत टाकलं आणि परत आले, रिकाम्या हातानं, दाराच्या बाहेरच उभे राहिले. "खरंच साथ आली ना," ते म्हणाले, "तं ह्या खोलीत नोका ठेवू कोनाले. पोट्टे कोठी जातीन? माह्या हॉलात ठेवा. खाट मी देईन, चादर मी देईन."

"हॉलात धान आहे भाऊ."

"हो," भोजराजभाऊ म्हणाले. मग ते स्वतःशीच खजील हसले. "उचल झाली का देतो."

दुसऱ्या दिवशी अकराला पथक आलं. तीन माणसं, एक फाईल. सातवीच्या खोलीत एकोणीस पोरं बाकांवर बसली होती आणि ऊन खिडकीतून आपणहून आत आलं होतं. पथकातल्या साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, भिंतीवरच्या चौदा रेघा पाहिल्या.

"विलगीकरण कक्ष कुठे आहे?"

लक्ष्मणरावांनी डोळे मिटून घेतले. दीपमालानं भरलेला तक्ता पुढे केला. साहेबांनी सतराव्या मुद्द्यावर बोट ठेवून वाचलं. मुद्दा होता, 'कक्ष उपलब्ध आहे का? नसल्यास कारण.' समोर तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

"ही सातवीची वर्गखोली आहे. कक्षासाठी सोसायटी अध्यक्षांनी स्वतःच्या घरचा हॉल दिला आहे. सध्या तिथे धान आहे. नियमानुसार कार्यवाही सुरू असून लवकरच उचल होईल."